अर्धवट इमारतीचा नकाशा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हा चौघांना सांगितलं होतं, "तुम्ही हल्ली काय करता ते वीस मिनिटांत सांगा, आणि सगळ्यांना कळेल असं सांगा." यातला पहिला भाग सोपा, दुसरा जरा अवघड. डॉक्टर झालेल्यांचं बरं असतं, ते काय करतात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 'सॉफ्टवेअरमध्ये आहे' असं म्हटलं की पुढचा प्रश्न एकच येतो, "अमेरिकेत की पुण्यात?" तर मी पुण्यात आहे. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं, पण गेली बारा वर्षं माझं काम स्लॅब, सळई आणि खड्डे यांच्याशी आहे. आमची टीम इमारतींची डिजिटल मॉडेल वाचणारं सॉफ्टवेअर लिहिते. बांधकामावर माणूस कुठून पडू शकतो, कुठे दबू शकतो, कुठे त्याच्या डोक्यावर काही येऊ शकतं, हे आधी शोधून देणं हा त्या सॉफ्टवेअरचा उद्देश.

समोर बसलेल्यांत दोन बिल्डर आहेत, एक आर्किटेक्ट आहे, कॉन्ट्रॅक्टर तर बरेच आहेत. काहींचे वडील गवंडी होते, सेंट्रिंगचं काम करत होते. या सगळ्यांना साइट माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून जपूनच बोलते. विषय सुरुवातीला थोडा रुक्ष वाटेल, पण शेवटी तो आपल्या शाळेच्या गच्चीवर येऊन पोचणार आहे. तेवढी वाट पाहा.

एका साध्या गोष्टीपासून सुरुवात करू. इमारतीचा नकाशा कधीही हातात घ्या, त्यात इमारत पूर्ण झालेली असते. बाल्कनीला कठडा असतो. लिफ्टच्या जागी लिफ्ट असते. जिन्याला रेलिंग असतं, डक्टवर जाळी असते. चित्रकलेच्या सरांनी आपल्याला प्लॅन आणि एलेव्हेशन काढायला शिकवलं तेव्हाही आपण पूर्ण झालेलीच वस्तू काढत होतो. कामगार मात्र त्या पूर्ण इमारतीत एक दिवसही काम करत नाही. तो काम करतो अर्धवट इमारतीत. स्लॅब भरला गेलेला असतो, पण बाल्कनीचा कठडा यायला कित्येक महिने असतात. लिफ्टचा खड्डा खालपासून वरपर्यंत उघडा असतो. डक्टच्या जागी स्लॅबला नुसतं भोक असतं, त्यावर कुणीतरी प्लायचा तुकडा टाकलेला असतो, आणि दुसऱ्याला प्लाय हवा असला की तो तुकडा उचलून नेतो.

म्हणजे अपघात ज्या इमारतीत होतात, त्या इमारतीचा नकाशाच कुणी काढलेला नसतो. माझं सगळं काम या एका वाक्यात आलं.

अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांची अधिकृत आकडेवारी सांगते की बांधकामावरच्या मृत्यूंमध्ये उंचीवरून पडणं हे सर्वांत मोठं कारण आहे. आपल्याकडे साइटवर कुणालाही विचारा, उत्तर तेच येईल. आता आपल्या विज्ञानाच्या सरांना स्मरून एक गणित करू. एका मजल्याची उंची साधारण ३ मीटर. तेवढ्या उंचीवरून पडणारा माणूस जमिनीवर पोचायला पाऊण सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि पोचताना त्याचा वेग ताशी २७-२८ किलोमीटर असतो. पाऊण सेकंदात माणूस ओरडूही शकत नाही. म्हणून अमेरिकेच्या बांधकाम नियमांत ६ फुटांपासूनच, म्हणजे पुरुषभर उंचीपासूनच, पडण्यापासून संरक्षण देणं बंधनकारक आहे. "एकच तर मजला आहे" हे आपल्याकडचं वाक्य किती फसवं आहे, ते या गणितातून दिसतं.

आता डिजिटल मॉडेल म्हणजे काय ते सांगते. संगणकावर काढलेला साधा नकाशा म्हणजे रेघा. त्यात भिंत म्हणजे दोन समांतर रेघा, आणि त्या रेघांना आपण भिंत आहोत हे माहीत नसतं. मॉडेलमध्ये भिंत ही 'भिंत' म्हणून नोंदलेली असते. तिची लांबी, जाडी, ती कोणत्या मजल्यावर आहे, कशाची आहे, तिच्यात खिडकी कुठे आहे, हे सगळं तिच्याबरोबर साठवलेलं असतं. चार्ल्स ईस्टमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने ही कल्पना १९७५ सालीच एका लेखात मांडली होती. इमारतीची माहिती कागदावरच्या ड्रॉइंगऐवजी संगणकात ठेवा, मग हवं ते ड्रॉइंग तिच्यातून काढता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. आज याला 'बिम' म्हणतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरना एकमेकांची मॉडेल वाचता यावीत म्हणून 'आयएफसी' नावाचं खुलं आंतरराष्ट्रीय मानकही आहे.

या मानकातली एक गोष्ट मला फार आवडते. त्यात भोकालाही स्वतंत्र नोंद आहे. स्लॅब ही एक वस्तू, आणि त्या स्लॅबमधली मोकळी जागा ही दुसरी वस्तू. तिला स्वतःचा क्रमांक, आकार आणि जागा असते. त्यामुळे सॉफ्टवेअरला विचारता येतं, "या इमारतीत किती भोकं आहेत? त्यांतली माणूस जाईल एवढी मोठी किती?" कागदावरच्या नकाशात हे शोधायला डोळे लागतात आणि डोळे थकतात. इथे यादी दोन मिनिटांत मिळते.

पण नुसत्या यादीनं भागत नाही, कारण सगळी भोकं एकाच दिवशी तयार होत नाहीत. म्हणून मॉडेलला कामाचं वेळापत्रक जोडतात. कोणता स्लॅब कोणत्या तारखेला भरणार, सेंट्रिंग कधी उघडणार, बांधकामाच्या भिंती कधी येणार. लांबी, रुंदी, उंची यांच्या जोडीला वेळ आला की त्याला चौथी मिती म्हणतात. मग कोणतीही तारीख टाकून त्या दिवशीची अर्धवट इमारत बघता येते. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात ईस्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केलं, ते २०१३ साली प्रसिद्ध झालं. उंचीवरून पडण्याबाबतचे सरकारी नियम त्यांनी संगणकाला समजतील अशा भाषेत लिहिले आणि मॉडेलवर चालवले. स्लॅबची कडा उघडी असेल तिथे कठडा लावा, भोक लहान असेल तर झाकण टाका, मोठं असेल तर भोवतीनं कठडा करा. हे सॉफ्टवेअरने स्वतः शोधून त्या-त्या तारखेसह दाखवलं. आम्ही पुण्यात जे करतो त्याचं मूळ या कामात आहे.

एक साधा हिशेब करू. बारा मजली इमारत धरा. प्रत्येक मजल्यावर दोन लिफ्टचे खड्डे, एक जिना, चार डक्ट आणि सहा बाल्कन्या. म्हणजे मजल्यामागे पडण्याच्या १३ जागा आणि इमारतीत १५६. यातल्या काही आज उघडतात, काही उद्या, काही बंद होऊन प्लंबर पाइप टाकायला आला की पुन्हा उघडतात. साइटवरचा सेफ्टी ऑफिसर, म्हणजे तो असेल तर, एकटा. त्यानं १५६ जागा रोज डोक्यात ठेवाव्यात अशी अपेक्षा करणं बरोबर नाही. हे लक्षात ठेवण्याचं काम यंत्राचं आहे. माणसानं तिथे जाऊन बघावं आणि हुकूम द्यावा.

आता कॉन्ट्रॅक्टर मंडळी गालात हसताहेत, कारण त्यांना माहीत आहे की वेळापत्रक म्हणजे काय चीज असते. ते पहिल्या दिवशी खरं असतं. मग पाऊस येतो, सिमेंट उशिरा येतं, छठपूजेला निम्मे कामगार गावी जातात. कागदावर सातवा स्लॅब झालेला असतो, प्रत्यक्षात पाचव्याची सळई बांधणं चालू असतं. संगणकाला त्या दिवशी सातव्या मजल्यावरची भोकं दिसतात, आणि माणूस पाचव्यावरून पडतो. यावर आम्हाला सापडलेला उपाय अगदी गावठी आहे. रोज संध्याकाळी मुकादमाला फोनवर मजल्याचं चित्र दाखवायचं आणि विचारायचं, "आज काय झालं?" तो बोटानं दाखवतो, हे भरलं, हे उघडलं, इथली परांची काढली. दोन मिनिटांचं काम. त्यावरून दुसऱ्या दिवशीचा खरा नकाशा तयार होतो. इतक्या मोठ्या सॉफ्टवेअरची सगळी मदार त्या दोन मिनिटांवर असते. मुकादमाला त्याचा कंटाळा आला, तर आमचं मॉडेल पुन्हा शोभेचं चित्र होऊन बसतं.

सकाळी तो नकाशा ए-थ्री कागदावर छापून मटेरियल हॉइस्टजवळ, प्रत्येक मजल्याच्या तोंडाशी चिकटवतात. वर तारीख, मजला, आणि उघड्या जागा लाल रंगात. अक्षरं कमीत कमी ठेवतो, कारण साइटवर मराठी, हिंदी, बंगाली, उडिया, तेलुगू सगळं बोललं जातं आणि सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही. कामाआधीच्या पाच मिनिटांच्या बोलण्यात, ज्याला 'टूलबॉक्स टॉक' म्हणतात, मुकादम त्या लाल जागांवर बोट ठेवतो. कामगार फोनकडे बघतीलच असं नाही, पण रोजच्या वाटेवरच्या भिंतीकडे बघतात.

इथपर्यंत इमारतीच्या आतली गोष्ट झाली. आता इमारतीच्या बाहेर येऊ, आणि भूगोलाच्या बाईंची आठवण काढू. बाईंनी आपल्याकडून समोच्चरेषा काढून घेतल्या होत्या. रेषा जवळजवळ असल्या की उतार तीव्र, लांब असल्या की सौम्य, हे आपण परीक्षेपुरतं पाठ केलं. इमारतीच्या मॉडेलमध्ये नेमकं हेच नसतं. ते मॉडेल प्लॉटच्या हद्दीवर संपतं. पलीकडच्या सोसायटीची भिंत किती उंच आहे, तिच्यामागे मातीचा किती भराव आहे, पावसाचं पाणी कुठून येतं, यातलं त्याला काही माहीत नसतं.

२९ जून २०१९ची पहाट पुण्यातल्या लोकांना आठवत असेल. कोंढव्यात मुसळधार पावसात एका गृहसंकुलाची भिंत शेजारच्या बांधकामावरच्या कामगारांच्या झोपड्यांवर कोसळली. १५ माणसं झोपेतच गेली. त्यांत बायका होत्या, लहान मुलं होती. बरेचसे बिहारमधून आलेले. त्याच आठवड्यात आंबेगाव भागात दुसरी भिंत अशीच कामगारांच्या झोपड्यांवर पडली आणि ६ जण गेले. दोष कुणाचा, ते ठरवणं माझं काम नाही. मला त्या बातम्यांतली एक गोष्ट आजही सोडत नाही. ही माणसं कामावर असताना गेली नाहीत. ती घरी होती, झोपलेली होती. हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, जाळी यांतलं काहीही त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. धोका होता तो घर कुठे बांधलं यात. आणि कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या कुठे बांधायच्या, हे बहुतेक ठिकाणी कुठल्याच नकाशावर ठरत नाही. जी जागा उरते तिथे त्या बांधल्या जातात. उरलेली जागा म्हणजे बऱ्याचदा भिंतीलगतची, खड्ड्याच्या काठची, नाहीतर नाल्याशेजारची.

तेव्हापासून आमच्या कामात एक नियम झाला. मॉडेलमध्ये पहिली वस्तू टाकायची ती कामगारांच्या खोल्या. मग त्यांच्याभोवतीची जमीन. यासाठी ड्रोनचा उपयोग होतो. ड्रोननं वरून एकमेकांवर चढतील असे शेकडो फोटो घ्यायचे. सॉफ्टवेअर त्यांतून जमिनीचा उंचसखलपणा काढतं, म्हणजे बाईंच्या समोच्चरेषाच. ड्रोन कुठे उडवता येतो याचे हिरवे, पिवळे, लाल विभाग सरकारच्या 'डिजिटल स्काय' नकाशावर असतात. पुण्यात लोहगावचा विमानतळ असल्यामुळे ते आधी बघावंच लागतं. असा नकाशा हातात आला की साधे प्रश्न विचारता येतात. खोल्यांच्या वरच्या अंगाला भिंत आहे का? ती पडली तर कुठवर येईल? पाणी उतरायचं कुठून? खोदाईचा काठ किती जवळ आहे?

खोदाईबद्दलही थोडं सांगते, कारण गावाकडे उंच इमारती कमी आणि चर, विहिरी, पाइपलाइनची कामं जास्त. एक घनमीटर माती म्हणजे दीड टनाहून जास्त वजन, जवळपास मारुती गाडीपेक्षाही जड. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाचं तोंड उघडं असलं तरी त्याला श्वास घेता येत नाही, कारण छाती फुगायला जागाच उरत नाही. भारतीय मानकात, आयएस ३७६४ मध्ये, दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार द्यायला सांगितलं आहे. काढलेली माती काठावर रचायची नाही असंही आहे. आपल्याकडे मात्र माती काठावरच टाकतात, कारण परत भरायला सोपी पडते. ड्रोनच्या नकाशावर हे ढीग आणि त्यांचं काठापासूनचं अंतर अगदी स्पष्ट दिसतं. कुणाशी वाद घालावा लागत नाही, चित्र दाखवायचं.

जमिनीखालीही एक नकाशा असतो, तो विजेच्या केबल, गॅस आणि पाण्याचे पाइप यांचा. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप सुरू केलं. खोदणाऱ्यानं आधी त्यात जागा कळवायची, म्हणजे त्या भागात ज्यांच्या केबल आणि पाइप आहेत त्यांना सूचना जाते. इथे बसलेल्या जेसीबीवाल्या मित्रांनी ते एकदा उघडून बघावं, एवढी विनंती.

आता एका साइटची गोष्ट सांगते. तिथे आम्ही किरकोळ घटनांची नोंद ठेवायला सुरुवात केली होती. कुणी घसरलं, वरून वीट पडली पण कुणाला लागली नाही, असं काहीही झालं की नकाशावर एक ठिपका. महिन्याभरात ठिपके एका जागी गोळा झाले. तिथे ना खड्डा होता ना भोक. मॉडेलप्रमाणे ती अगदी सुरक्षित मोकळी जागा होती. जाऊन पाहिलं तेव्हा कळलं की पिण्याच्या पाण्याची टाकी त्या बाजूला आहे. आखून दिलेला रस्ता लांबून वळसा घेऊन जात होता, आणि माणसं तहान लागली की टॉवर क्रेनच्या वाटेखालून सरळ जात होती. सूचनांचे फलक होते, दोरी बांधलेली होती, ती ओलांडून जात होती. आम्ही नवा फलक लावला नाही. टाकी अलीकडे आणून बसवली. ठिपके थांबले. कोणत्याही नियमाच्या पुस्तकात 'पाणी कुठे ठेवावं' असा परिच्छेद मी वाचलेला नव्हता. माणूस प्रत्यक्षात कुठून चालतो हे नकाशावर आलं, तेव्हाच ते दिसलं.

माणूस कुठून चालतो हे नकाशावर आणायचं, तर त्याला दुसरीही बाजू आहे. ती सांगितली नाही तर हे भाषण म्हणजे जाहिरात होईल. हेल्मेटमध्ये छोटा टॅग बसवता येतो. धोक्याच्या जागेत पाऊल पडलं की तो वाजतो. फोनचा जीपीएस उघड्यावर चार-पाच मीटर इकडे-तिकडे दाखवतो आणि स्लॅबखाली जवळजवळ आंधळा होतो, म्हणून हे टॅग वेगळे असतात. तर एका ग्राहकानं आम्हाला विचारलं, "मग कोण किती वेळ बसून होता, कितीदा बिडी ओढायला गेला, हेही कळेल ना? तो रिपोर्ट रोज द्या, हजेरीला जोडू." तांत्रिकदृष्ट्या ते अर्ध्या दिवसाचं काम होतं. आम्ही नको म्हटलं. आमची अट अशी होती की टॅगला नाव जोडायचं नाही, तो फक्त धोक्याच्या जागेपुरता बोलेल, आणि नोंदी संध्याकाळी पुसल्या जातील. ते काम आम्हाला मिळालं नाही. छोट्या कंपनीत एक काम जाणं म्हणजे काय, हे धंदा करणाऱ्यांना सांगायला नको.

पण तो निर्णय नुसता भावनेचा नव्हता. दुसऱ्या एका ठिकाणी टॅग हजेरीला जोडलेले मी पाहिले होते. आठवडाभरात निम्मे टॅग एका खिळ्याला ओळीनं लटकत होते. कामगारांना बरोबर कळलं होतं की ही वस्तू कुणासाठी आहे. ज्या यंत्राला माणूस घाबरतो, ते यंत्र त्याला वाचवू शकत नाही, कारण तो ते अंगावर ठेवतच नाही. सुरक्षिततेचा नकाशा आणि पाळत ठेवायचा नकाशा एकाच माहितीतून तयार होतात. दोन्हींमधला फरक सॉफ्टवेअर ठरवत नाही, तो आपण ठरवतो.

जगात या गोष्टी आता नवीन राहिलेल्या नाहीत. ब्रिटनमध्ये डिजिटल मॉडेलमधून सुरक्षिततेची माहिती एकाकडून दुसऱ्याकडे कशी द्यावी याचं मानक २०१८ साली आलं. हाँगकाँग सरकारने २०२३ पासून ३ कोटी हाँगकाँग डॉलरच्या वरच्या सरकारी कंत्राटांत डिजिटल सुरक्षा यंत्रणा सक्तीची केली. आपल्या नागपूर मेट्रोचं कामही मॉडेलला वेळ आणि खर्च जोडून चालवलं गेलं. कायद्याची उणीवही नाही. बांधकाम कामगारांसाठी आपल्याकडे १९९६ सालीच स्वतंत्र कायदा झाला आणि २०२० च्या कामगार संहितेत तो सामावला गेला. उणीव आहे ती लहान कामांवर. मेट्रोवर सेफ्टी ऑफिसर असतो. चार खोल्यांच्या कामावर कुणीच नसतं, आणि तिथे पडणाऱ्याची बातमीही होत नाही.

आणि आता आपण शाळेच्या गच्चीवर आलो.

आपण सगळे मिळून शाळेवर चार वर्गखोल्या चढवणार आहोत. जुन्या इमारतीला तो भार पेलेल का, याची तपासणी चालू आहे. देणग्यांचे आकडे मघाशी वाचून दाखवले गेले, टाळ्याही झाल्या. मला त्या कामाबद्दल काही गोष्टी मांडायच्या आहेत.

पहिली म्हणजे, आपल्या मागच्या दगडी कंपाउंड भिंतीमागे टेकडीचा उतार आणि मातीचा भराव आहे. सायकल स्टँडचं काम झालं, तेव्हा कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या त्याच भिंतीला टेकून होत्या. तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. तेव्हा काही झालं नाही, म्हणून आपल्याला ते लक्षातही राहिलं नाही. या वेळी त्या खोल्या मैदानाच्या पूर्वेला, सपाटीवर असाव्यात. मैदान तीन महिने थोडं लहान होईल, ते चालेल.

दुसरी गोष्ट, खाली वर्ग भरलेले असताना वर स्लॅब चढणार नाही असं वेळापत्रक करू. सेंट्रिंग, सळई, स्लॅब हे मे महिन्याच्या सुट्टीत बसवता येतं. मुलांचं येण्याजाण्याचं दार आणि वाळू-खडीचा ट्रक आत येण्याचं दार वेगळं ठेवू. पाण्याच्या टाकीची जागा विचार करून ठरवू, मुलांचीही आणि कामगारांचीही.

तिसरी गोष्ट खर्चाची. अंदाजपत्रकात सिमेंट आहे, सळई आहे, रंग आहे. कठडे, जाळी, झाकणं, सेफ्टी बेल्ट यांची वेगळी ओळ नाही. ती नसली की हा खर्च कॉन्ट्रॅक्टरच्या नफ्यातून जातो, आणि मग तो होत नाही. कॉन्ट्रॅक्टर वाईट असतो म्हणून नव्हे, तर सर्वांत कमी दराच्या निविदेत त्याला जागाच ठेवलेली नसते म्हणून. ती ओळ आपण लिहू. एखाद्या देणगीदाराचं नाव वर्गखोलीला देण्याऐवजी कठड्याच्या खर्चाला द्यायचं झालं, तर माझं द्या.

इमारतीचं मॉडेल, मैदानाचा आणि मागच्या उताराचा नकाशा, आणि कामाच्या प्रत्येक आठवड्याची अर्धवट इमारत मी करून देईन. त्याचे पैसे नकोत. मला फक्त दोन माणसं हवीत. एक, रोज संध्याकाळी मुकादमाबरोबर दोन मिनिटं उभा राहील असा गावातला कुणी माजी विद्यार्थी. दुसरं, आपल्या भूगोलाच्या आणि गणिताच्या शिक्षकांपैकी कुणीतरी, जे नववीच्या मुलांना घेऊन तो नकाशा वाचतील. समोच्चरेषा कशाला शिकायच्या, हा प्रश्न त्या मुलांना पडणार नाही.

ज्यांचा शाळेच्या कामाशी संबंध नाही, त्यांच्यासाठीही एक छोटं काम सांगते. तुम्ही फ्लॅट बघायला साइटवर जाता, तेव्हा सॅम्पल फ्लॅटच्या फरश्या बघता. पुढच्या वेळी दोन प्रश्न विचारा, "लिफ्टच्या खड्ड्याला कठडा आहे का? आणि तुमचे कामगार राहतात कुठे?" उत्तर देणारा गडबडला तरी हरकत नाही. गिऱ्हाईक हे विचारतं एवढं त्याला कळलं, तरी पुरे. सोसायटीच्या कमिटीवर असाल तर शेजारच्या प्लॉटवर खोदाई सुरू झाली की आपल्या भिंतीच्या पलीकडे डोकावून बघा. तिथे खोल्या दिसल्या तर पावसाळ्याची वाट न बघता लेखी कळवा.

पहिल्या बैठकीला मी पुढच्या रविवारी येते आहे, अंदाजपत्रकाची प्रत घेऊन. ज्यांना यायचं आहे त्यांनी जेवणाच्या रांगेत मला गाठा.